अँब्रोजच्या गाडीचं दार

ईस्ट टॅनर गावात कुणी कशालाच कुलूप लावत नाही. घराला नाही, गोठ्याला नाही, चर्चला तर नाहीच. चर्चचं दार एका हिवाळ्यात फुगून अर्धवट उघडं राहिलं ते अजून तसंच आहे. गाडीची किल्ली गाडीतच असते, कारण खिशात ठेवली तर हरवते. फक्त ऑगस्ट लागला की गाव एकदम सावध होतं. ऑगस्टात माणसं टपाल आणायला दोन मिनिटं जायचं असलं तरी गाडी लॉक करतात आणि मागे वळून वळून बघत जातात.

भीती चोरांची नसते. चोर काहीतरी घेऊन जातो. इथले लोक ठेवून जातात.

काय ठेवून जातात, तर झुकिनी. दिसायला काकडी, वागायला दुधी. जूनमध्ये एक रोप लावलं की जुलैत त्याचं कौतुक होतं आणि ऑगस्टात त्याच्यावरून नवराबायको एकमेकांशी बोलेनासे होतात. सकाळी बोटाएवढी दिसलेली संध्याकाळी मनगटाएवढी होते, आणि घरी पाहुणे आले म्हणून बागेकडे दोन दिवस दुर्लक्ष झालंच तर तिच्या पायात फक्त बूट घालायचे बाकी राहतात. ती खाऊन संपत नाही आणि टाकून देववत नाही. मग ती उचलायची, फडक्यात गुंडाळायची आणि शेजाऱ्याच्या उघड्या गाडीत, मागच्या सीटवर, झोपलेल्या बाळासारखी ठेवून यायचं. अमेरिकेच्या या कोपऱ्यात, व्हरमाँटमध्ये, याला कुणी गुन्हा मानत नाही, पण कुणी कबूलही करत नाही.

अँब्रोज पेल्कीचं मत होतं की भाजी हा प्रकार मुळात गुरांसाठी आहे आणि माणसांनी त्यात पडू नये. अँब्रोज मेपलचा पाक करायचा. टेकडीवरची मेपलची झाडं त्याच्या आजोबांनी राखलेली होती, आणि मार्च महिन्यात त्यांचा रस आटवताना अँब्रोजच्या मिशांनाही पाकाचा वास यायचा. गावातल्या बंबवाल्यांचा दरवर्षी ऑगस्टातल्या एका रविवारी ब्रंच असे. बंबवाले म्हणजे गावातलेच लोक. आग लागली की हातातलं काम टाकून बंबावर चढायचं, आणि वर्षातून एकदा बंब अंगणात काढून त्याच्या जागी टेबलं मांडायची. चर्च सुटल्यावर सगळं गाव पॅनकेक खायला तिथं येई. पाक अँब्रोजचा, फुकट. म्हणून तवाही अँब्रोजचा, आणि उलथनंही अँब्रोजचं. त्या उलथन्याला लाकडी दांडा होता, दांड्यावर त्याचं नाव कोरलेलं होतं, आणि वर्षातले बाकीचे दिवस ते त्याच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर टांगलेलं असे, जिथं लोक लग्नाचा फोटो लावतात. लग्नाचा फोटो फ्रिजच्या मागे होता.

बंबवाल्यांची कॅप्टन ओडेट ही त्याची सख्खी भाची. जुलैच्या बैठकीत ती उठून म्हणाली, "मामा, यंदा पॅनकेकमध्ये भाजी घालू या."

अँब्रोजने आधी कानातलं यंत्र नीट बसवलं. मग म्हणाला, "परत बोल."

"झुकिनी किसून. मक्याचे दाणे, गाजर, थोडं चीज. गोडही होतं, पोटभरीचंही होतं. ब्रंच आहे ना, नुसता नाश्ता नाही. आणि गावात या घडीला फुकट काय मिळतं, तर झुकिनीच."

"ओडेट, तुझी आई असती तर तिला काय वाटलं असतं?"

"रेसिपी आईचीच आहे."

हा घाव वर्मी बसला. बहिणीने आयुष्यभर त्याच्या पाठीमागे असले उद्योग केले असतील याची त्याला कल्पना नव्हती. तो उभा राहिला. "पॅनकेकमध्ये मैदा, दूध, अंडं. वर लोणी. वर पाक. यात ज्याला काही कमी वाटतं त्याने डॉक्टरकडे जावं."

खूप वादावादी झाली. शेवटी असं ठरलं की यंदा दोन तवे लावायचे. एकावर अँब्रोजचे साधे, दुसऱ्यावर ओडेटचे भाजीचे. दोघांची पातेली सारख्याच मापाची. ज्याचं पातेलं आधी रिकामं होईल, उलथनं पुढच्या वर्षापासून त्याचं. जो हरेल त्याने भांडी घासायची.

"मंजूर," अँब्रोज म्हणाला. बसता बसता त्याला एक गोष्ट सुचली आणि त्याच्या मिशा हलल्या. "फक्त एक. पाक माझा आहे. भाजीवर माझ्या पाकाचा थेंबही पडणार नाही."

कोरडा पॅनकेक काय असतो हे सगळ्यांना माहीत होतं. दारापुढचं पायपुसणंही त्याच्यापेक्षा रसाळ असतं.

ओडेटने मामाकडे बघितलं. "चालेल," ती म्हणाली. "मग माझे पाकाशिवायच गोड लागायला हवेत."

अँब्रोज त्या दिवशी घरी शीळ घालत गेला.

*

ब्रंचच्या सकाळी त्याने पाक मंद आचेवर कोमट केला, दुधाच्या जुन्या कॅनमध्ये ओतला, वाफ कोंडू नये म्हणून तोंडावर झाकणाऐवजी नुसतं फडकं टाकलं, आणि तो कॅन गाडीत पुढच्या सीटवर बसवून त्याला सीटबेल्ट लावला. ही गाडी मटारच्या उसळीच्या रंगाची होती. त्याची बायको सेलेस्टीन तिला 'ती' म्हणायची, आणि कित्येक वर्षं नवी गाडी मागायची. अँब्रोजचं उत्तर ठरलेलं होतं: चालतेय ना?

"तिथं गाडी लॉक करत बसू नकोस," सेलेस्टीन अॅप्रन बांधत म्हणाली. "तुला सवय नाही. किल्ली आत राहील."

"ऑगस्ट आहे."

"मग काचा वर कर आणि लक्ष ठेव."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"बाळाला निदान सांगितलेलं कळतं," ती म्हणाली, आणि दारामागच्या खिळ्यावरून काहीतरी काढून अॅप्रनच्या खिशात टाकलं. त्या खिशात सेलेस्टीनचं सगळं जग असे: सुतळी, चष्मा, लिमलेटच्या गोळ्या, एकदा कोंबडीचं पिल्लूही. ती शेतातून पायवाटेने पुढे निघाली, कारण 'ती'त बसून चर्चसमोरून जायची तिला लाज वाटे.

अँब्रोजने बंबघरासमोर गाडी लावली. पातेलं आणि उलथनं आत नेऊन ठेवलं. पाकाचा कॅन न्यायला परत आला तर रस्त्याच्या त्या बाजूला विनिफ्रेड टटल उभी. विनिफ्रेडच्या बागेत यंदा झुकिनीचा हा एवढा वेल माजला होता, आणि तिच्या हातात झाकलेली टोपली होती. ती त्याच्या गाडीकडे बघत होती. अँब्रोजने तिच्याकडे बघितलं. गाडी त्याने सवयीने चालूच ठेवली होती. ती बंद केली की पुन्हा सुरू व्हायच्या आधी विचार करायची.

"अँब्रोज, बरा आहेस ना?" विनिफ्रेडने एक पाऊल पुढे टाकलं.

अँब्रोजने हात घालून इंजिन बंद केलं, चारी दारांची बटणं दाबली आणि दार धाडकन लावलं.

"एकदम बरा!" तो म्हणाला, आणि विजयी मुद्रेने आत गेला. पाक थोड्या वेळाने नेऊ. आता तो सुरक्षित होता.

तो खरंच फार सुरक्षित होता. किल्ली त्याच्या सोबतीला आतच होती.

*

हे अँब्रोजला कळलं तेव्हा चर्च सुटलं होतं, रांग दाराबाहेर गेली होती, आणि पहिल्या थाळीतले पॅनकेक घेऊन लायल त्याच्यासमोर उभा होता. लायल म्हणजे बंबवाल्यांतला सर्वांत उंच आणि सर्वांत सावकाश माणूस.

"अँब्रोजकाका, पाक?"

"आणतो." अँब्रोजने खिशात हात घातला. दुसऱ्या खिशात घातला. मग शर्टाच्या खिशात. मग पुन्हा पहिल्या, कारण माणसाला वाटतं, खिसा आपलं मत बदलेल.

गाडीच्या काचेतून त्याला किल्ली दिसली. तिच्या शेजारी कॅन सीटबेल्ट लावून ताठ बसला होता, गावाला निघालेल्या पाहुण्यासारखा.

त्याने आधी दार ओढलं. मग त्याला दम दिला. मग तारेचा हँगर मागवला, आणि त्याने बराच वेळ खिडकीच्या रबराला गुदगुल्या केल्या. गावात कुलूप उघडता येणारा एकच माणूस होता. पण ती कला त्याने दुसऱ्या गावच्या बँकेत दाखवली आणि सध्या तो सरकारचा पाहुणचार घेत होता.

"काच फोडू," लायल म्हणाला.

"आणि तुकडे? वर फक्त फडकं आहे. काचेचा पाक वाढणार लोकांना?"

"माझ्या गाडीत दुकानातल्या सिरपची बाटली आहे."

अँब्रोजने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की लायल हळूहळू मागे सरकला. "ते सिरप नाही," अँब्रोज म्हणाला. "तो रंगवलेला साबण आहे. पुन्हा हा विषय माझ्यापुढे काढू नकोस."

"मग सेलेस्टीनकाकूंना विचारू का? त्यांना काहीतरी सुचतं नेहमी."

"नाही!" अँब्रोज केवढ्याने ओरडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तिला कळता कामा नये. ती मला म्हणाली होती. लायल, तुझं लग्न झालेलं नाही. तुला समजणार नाही."

आत काय चाललं होतं ते दारातून दिसत होतं. अँब्रोजचे पॅनकेक ताटांत कोरडे पडले होते आणि लोक पाकाची वाट बघत काट्याने त्यांना ढोसत होते. दुसऱ्या तव्यासमोर ओडेट गुणगुणत होती. तिने झुकिनी किसून, मीठ लावून, पंच्यात पिळून काढली होती. एवढं पाणी निघालं होतं की बंब भरला असता. कणसांचे कोवळे दाणे, किसलेलं गाजर, चेडर, दालचिनी. दाणे काढून उरलेली कणसं तिने उकळली होती, आणि ते गोड पाणी आटवून पिठात घातलं होतं. तव्यावर पॅनकेकच्या कडा तांबूस होत होत्या. वास येत होता.

आधी पोरं त्या रांगेत गेली. मग पोरांच्या आया 'बघू तरी' म्हणत गेल्या. पाद्री दोन्ही रांगांच्या मधोमध उभा राहून बराच वेळ चिंतन करत होता. मग तोही गेला.

अँब्रोजने बघितलं: ओडेटचं पातेलं निम्म्याच्या खाली. आपलं पातेलं काठोकाठ. भिंतीवरचा रिकामा खिळा त्याच्या डोळ्यांपुढे आला. तिथं काय लावणार? लग्नाचा फोटो?

"ओडेट!" त्याने दारातून हाक मारली. "कॅप्टन म्हणून बोलतोय. म्हणजे तू कॅप्टन म्हणून. इकडे ये."

ओडेट उलटवायचं काम दुसऱ्याकडे देऊन बाहेर आली. गाडी बघितली, किल्ली बघितली, कॅन बघितला, मामाला बघितलं. हसली नाही. हे तिचं मोठेपण.

"यंत्र आहे ना तुमच्याकडे," अँब्रोज म्हणाला. "नवं."

यंत्र होतं. मागच्या वर्षीच्या ब्रंचला जमलेल्या वर्गणीतून घेतलेलं: अपघातात चेपलेल्या गाडीचं दार कापून माणूस बाहेर काढायचं. आल्यापासून ते एकदाही वापरलेलं नव्हतं, कारण ईस्ट टॅनरमध्ये चेपण्याएवढ्या वेगाने कुणी गाडी चालवतच नाही. बंबवाले दर मंगळवारी त्याला तेलपाणी करून पुन्हा खोक्यात ठेवत आणि उसासे टाकत.

"मामा, ते दार उघडत नाही," ओडेट म्हणाली. "ते दार काढतं. कायमचं."

"मला सरळ सांगितलेलं कळतं."

"एका पातेल्यासाठी?"

"उलथन्यासाठी."

ओडेट वळून ओरडली, "लायल! खोकं आण!"

लायल आयुष्यात पहिल्यांदा धावला.

*

यंत्राच्या इंजिनचा आवाज झाला तसं सगळं ब्रंच ताटांसकट बाहेर आलं. बंबवाल्यांनी हेल्मेटं चढवली, गॉगल लावले. नियम म्हणजे नियम, म्हणून लायलने काचेतून कॅनला मोठ्याने विचारलं, "तुम्ही शुद्धीवर आहात का? घाबरू नका, आम्ही आलोय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. यंत्राने जबडा उघडला, बिजागरीला चावा घेतला. मटारच्या उसळीच्या रंगाचं पत्र्याचं दार करकरलं, कण्हलं, आणि चौघांच्या हातात अलगद आलं. त्यांनी ते गवतावर असं निजवलं की पाद्र्याने टोपी काढली.

अँब्रोजने सीटबेल्ट सोडवून कॅन छातीशी धरला. पाकाचा थेंबही सांडला नव्हता.

"माणूस वाचला!" कुणीतरी ओरडलं.

तेवढ्यात लायल मागच्या सीटवर वाकला. "अँब्रोजकाका, आत अजून कुणीतरी आहे."

चादरीखाली एक झुकिनी होती. लायलच्या पोटरीएवढी. शांत झोपलेली.

अँब्रोजने गर्दीत विनिफ्रेडला शोधलं. ती आभाळाकडे बघत होती. "ती होय," ती म्हणाली. "ती शुक्रवारची. आज टोपलीत नुसती बिस्किटं होती रे."

आणि मग गर्दीतून वाट काढत सेलेस्टीन पुढे आली. तिच्या ताटात भाजीचा पॅनकेक होता, बहुधा पहिला नसावा. तिने गवतावरच्या दाराकडे बघितलं, गाडीला पडलेल्या भगदाडाकडे बघितलं. मग अॅप्रनच्या खिशात हात घालून सुतळी काढली, चष्मा काढला, आणि चष्म्याच्या खालून एक किल्ली काढली.

"दुसरी," ती म्हणाली. "खिळ्यावरची."

अँब्रोजने कॅन आणखी घट्ट धरला. "तू... तू इतका वेळ कुठे होतीस?"

"खिडकीत. खात होते. मजा बघत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"मला विचारलंस का? मला तर कळताच कामा नये होतं म्हणे." सेलेस्टीनने एक घास घेतला, सावकाश चावला. "शिवाय आता नवी घ्यावी लागेल, नाही? चालतेय खरी. पण दार नाही."

*

अँब्रोज कॅन घेऊन आत धावला खरा, पण लोक परत आले ते ओडेटच्या रांगेत. कोरडे पॅनकेक एव्हाना एवढे कडक झाले होते की एकावर टेबलाचा लंगडा पाय टेकवला होता. निकालासाठी पातेली बघायला कुणी आलं नाही. गरजच नव्हती. ओडेटच्या पातेल्यात शेवटचं डावभर पीठ उरलं होतं.

तिने ते तव्यावर ओतलं, उलटलं, ताटात घेतलं, आणि ताट मामासमोर ठेवलं.

"भाजी आहे," अँब्रोज म्हणाला.

"हो."

"पाक घालायचा नाही असा नियम आहे."

"नियम तुझाच आहे. मी मागच्या दारी भांडी गोळा करायला चाललेय. माझं लक्ष नसेल."

ती गेली. अँब्रोजने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, टोपी काढून ताटाच्या पुढे आडवी धरली, आणि टोपीआड कॅन कलता केला. पाक त्या तांबूस कडांवरून ओघळला, मक्याच्या दाण्यांमध्ये साचला. त्याने एक तुकडा तोंडात टाकला.

बहिणीच्या स्वयंपाकघरात एकदा हाच वास आला होता. तेव्हा त्याने विचारलं होतं, काय करतेस गं? आणि ती म्हणाली होती, काही नाही, तुला आवडेल असं नव्हे. तो मान फिरवून निघून गेला होता. एवढी वर्षं.

ओडेट परत आली तेव्हा ताट पुसल्यासारखं लख्ख होतं.

"कसा होता?"

"मीठ कमी," अँब्रोज म्हणाला. मग त्याने उलथनं उचललं, दांड्यावरचं आपलं नाव अंगठ्याने एकदा चोळलं, पुसलं जातंय का बघितलं, आणि ते तिच्या हातात दिलं. बाह्या वर करून तो भांड्यांकडे वळला.

"मामा, तुझ्या मिशीला पाक लागलाय."

"तो मार्चचा आहे," अँब्रोज म्हणाला.

*

नवी गाडी यायला सप्टेंबर उजाडणार होता. तोवर अँब्रोज दाराशिवायच हिंडला. ईस्ट टॅनरच्या इतिहासात ऑगस्ट महिन्यात लॉक करताच येत नाही अशी ती पहिली गाडी. गावाने ती सोन्यासारखी संधी मानली. तो टपाल आणायला गेला की परत येईपर्यंत शेजारच्या सीटवर दोन जणी बसलेल्या असत. चर्चला गेला तर मागे सगळं कुटुंब. एकदा तर चौकात गाडी चालू असताना कुणीतरी पळत पळत येऊन एक आत टाकली आणि वर टोपी काढून नमस्कार केला.

शेवटी एका संध्याकाळी त्याने सगळ्या खोक्यांत भरल्या आणि ओडेटच्या घरी नेल्या. तू जिंकलीस ना, घे, कीस.

ओडेटने मामाला वळणावरच पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा घराला आतून कुलूप लावलं.

अँब्रोजने दार ओढून बघितलं. मग त्याने दाराला दम दिला. आतून कुणीतरी तोंड दाबून हसत होतं. तो घराला वळसा घालून मागे गेला. उकडत होतं, त्यामुळे स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती.

त्याने एकेक झुकिनी आत सोडली. पहिली धप्प, दुसरी धप्प, तिसरी कशावर तरी पडून खळ्ळ. आतलं हसणं थांबलं आणि "मामा!" असा ओरडा आला. त्याने थांबायचं काही कारण नव्हतं. खोकी रिकामी झाल्यावर त्याने विजारीच्या खिशातून पाकाची भरलेली बाटली काढली, आणि ती मात्र हात लांब करून, अगदी हळू, ओट्यावर ठेवली.